शंका आणि वाफसा

चार्वाक चांगला मिस्तरी झाला असता, असं मी तर्कशास्त्राच्या तासाला म्हणायचो. बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्यांची पोरं ती, त्यांना ते लगेच पटायचं. डोळ्याला दिसेल तेवढं खरं, बाकी सगळं अंदाजपंचे. कुठल्याही गॅरेजात हेच ऐकायला मिळतं: "खोलल्याबिगर काय सांगता येत नाय सर." निवृत्त होऊन शेतात राहायला आलो आणि हे वाक्य हंगामागणिक कानावर पडायला लागलं. वडिलांनी ऐंशीच्या दशकात बँकेच्या कर्जावर घेतलेला मॅसी 1035 अजून आमच्या दारात चालू आहे, आणि त्याची लिफ्ट हा घरातला कायमचा वादविषय आहे.

प्रश्न वरवर धर्माचा वाटत नाही, पण धर्माचे सगळे प्रश्न त्यातूनच जातात. जे दिसत नाही त्याबद्दल खात्रीने बोलायचा अधिकार माणसाला आहे का? ईश्वर, आत्मा, परलोक यांच्यावरचे आपल्याकडचे वाद फिरून फिरून इथेच येतात. डोंगरावरच्या धुरावरून आग ओळखता येते का, एवढ्याशा गोष्टीवर आपल्या पंडितांनी शतकानुशतकं डोकी झिजवली ती उगाच नाही. धूर त्यांना किरकोळच होता. धुरावरून आग सिद्ध झाली तर आणखी काय काय सिद्ध करता येईल, याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. माझ्यापुरता हा प्रश्न गियरच्या तेलात बुडालेल्या एका पंपाचा झाला.

ज्यांनी ही लिफ्ट आतून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. 1035 हा मद्रासच्या टॅफेचा ट्रॅक्टर. टॅफे 1960 सालची, पण ट्रॅक्टरचं घराणं मॅसी फर्ग्युसन 35चं, आणि त्याच्याही मागे आयर्लंडच्या काउंटी डाऊनमधला हॅरी फर्ग्युसन. या माणसाने नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढत न्यायचा सोडून तीन दांड्यांनी जोडला. खाली दोन, वर एक. वरची ती टॉपलिंक. नांगर कडक जमिनीत अडला की टॉपलिंक पुढे रेटली जाते, ती एका जाड स्प्रिंगला दाबते, तो दाब आतल्या कंट्रोल व्हॉल्व्हला पोचतो आणि लिफ्ट नांगर थोडा वर घेते. माती मऊ लागली की परत खाली. सीटवरच्या माणसाने मूठ एका जागी ठेवायची, पुढचं मातीने आणि तेलाने आपसात ठरवायचं. याच फर्ग्युसनने 1938 साली हेन्री फोर्डशी करार केला तो हातात हात देऊन, कागदावर काही नाही. न्यायदर्शनात शब्द हेही एक प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानलं आहे. फोर्डच्या नातवाच्या काळात मात्र ते प्रमाण टिकलं नाही. खटला झाला आणि 1952 साली 92.5 लाख डॉलरवर मिटला.

फर्ग्युसनच्या रचनेची खुबी अशी, की कंट्रोल व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे नाही, मागे आहे; तेल आत घ्यायच्या वाटेवर. मूठ वर केली की वाट उघडते, चार पिस्टनांचा पंप तेल ओढतो आणि एका उभ्या नळीतून वर सिलिंडरला देतो. सिलिंडरचा पिस्टन लिफ्टचे हात उचलतो. हात ठरल्या उंचीला आले की वाट बंद. पंप फिरत असतो, पण घेत काही नाही. मूठ खाली केली की तोच व्हॉल्व्ह सिलिंडरमधलं तेल परत खाली सोडतो. हे सगळं गियरबॉक्सच्या मागच्या पोटात, गियरच्याच तेलात बुडालेलं. बाहेरून दिसते ती मूठ आणि दिसतात ते दोन हात. डोंगरावर निदान धूर तरी दिसतो.

तर शाळूच्या पेरणीच्या ऐन तोंडाला पेरणीयंत्र वर राहीना. बांधाला वळताना उचललं की उचलायचं, पण वर गेल्यावर उचक्या द्यायचं. बोटभर खाली, झटक्याने वर, पुन्हा बोटभर खाली. इंजिन बंद केलं की बी-खताच्या पेटीसकट सावकाश जमिनीवर येऊन टेकायचं. सकाळी कमी, दुपारी तेल तापलं की जास्त.

मिस्तरी आले. बसून एक विडी ओढेपर्यंत यंत्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पंप गेला." पुतण्या लगेच मोबाइल काढून पंपाची किंमत विचारायला लागला. मी म्हटलं, "मिस्तरी, इंजिन बंद असताना यंत्र खाली येतंय. तेव्हा पंप फिरतच नाही. मग उचललेलं धरून ठेवण्यात त्याचा दोष कसा?" मिस्तरी म्हणाले, "सर, मी आजवर अशा उचक्या देणाऱ्या जेवढ्या 1035 खोलल्या त्या सगळ्यांचा पंप गेलेला होता."

आता हे वाक्य गमतीवारी नेण्यासारखं नाही. आपण ज्याला व्याप्ती म्हणतो ती अशीच हाताला लागते. जिथे जिथे धूर पाहिला तिथे तिथे आग पाहिली, त्यावरून नियम. मिस्तरींनी उचक्या आणि झिजलेला पंप पुन्हा पुन्हा एकत्र पाहिलेले होते. माझ्याकडे काय होतं? एका ट्रॅक्टरचा अनुभव आणि पेन्शन.

पण गौतमाच्या न्यायसूत्रांत एक जुना आक्षेप आहे, आणि तो मला त्या सगळ्या ग्रंथातला सर्वांत शेतकरी वळणाचा भाग वाटतो. आक्षेप घेणारा म्हणतो, अनुमान हे प्रमाणच नव्हे, ते चुकतं. नदी फुगलेली बघून तुम्ही म्हणता वर पाऊस झाला. पण खाली कुणी पाणी अडवलं तरी नदी फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की तुम्ही म्हणता पाऊस येणार. पण कुणी त्यांचं घर उकरलं तरी त्या निघतात. मोर ओरडला म्हणता. माणूस मोराचा आवाज काढू शकतो. यावर गौतमाचं उत्तर थोडक्यात असं, की चूक अनुमानाची नाही, तुमच्या बघण्याची आहे. अडवलेल्या पाण्याचा फुगवटा आणि पुराचा फुगवटा ही एकच खूण नव्हे. भाष्यकार वात्स्यायन ते उलगडून सांगतो: वरच्या पावसाने आलेल्या पुराला ओढ असते, त्यावर फेस असतो, फळं, पानं, लाकडं वाहत येतात. नुसतं पाणी वाढलं एवढ्यावर बोलणाऱ्याने नदी पाहिलेलीच नाही.

मग आमच्या पुरात फेस कुठला होता? तर त्या उचक्या. यंत्र नुसतं खाली येत नव्हतं, झटक्याने परत वर जात होतं. म्हणजे हात खाली आलेले व्हॉल्व्हला कळत होते, त्याने वाट उघडली, पंपाने तेल ओढलं आणि भरल्या पेटीचं ओझं क्षणात वर नेलं. झिजून गेलेला पंप हे करेल का? भरलं ओझं उचलताना त्याने कुरकुर केली असती, रिकामं उचललं असतं आणि भरलं सोडलं असतं. इथे उचलण्यात खोट नव्हती. पंपाच्या पुढे कुठेतरी, नळीच्या सांध्यात किंवा सिलिंडरमध्ये, दाबाखालचं तेल निसटत होतं. तापल्यावर तेल पातळ होतं, म्हणून दुपारी जास्त. वात्स्यायनाने याच जातीच्या, म्हणजे परिणामावरून कारणाकडे जाणाऱ्या, अनुमानाचा आणखी एक अर्थ दिला आहे: जेवढ्या शक्यता आहेत त्यातल्या एकेक बाद करत जायचं, उरेल ते घ्यायचं. तेलाची पातळी बरोबर होती, तेल दुधाळ झालेलं नव्हतं, बाहेरचे लिंक मोकळे होते. उरलं ते आत.

आणि मिस्तरींच्या त्या सगळ्या 1035? त्यांना मी विचारलं, "त्या ट्रॅक्टरांना काय जोडलेलं असायचं?" ते जरा थांबून म्हणाले, "ट्रॉल्याच की. जॅकच्या." तिथेच गाठ सुटली. उचलत्या ट्रॉलीचा जॅक लिफ्टच्या तेलावर चालतो. पाइप जोडायचा, काढायचा, धुळीत पडू द्यायचा, परत जोडायचा. कचरा तेलात जातो आणि पंप खातो. आमच्या ट्रॅक्टरला जॅकची ट्रॉली कधी लागलीच नाही. नियमाआड लपलेल्या अशा अटीला न्यायवाले उपाधी म्हणतात. आग आहे तिथे धूर असणारच असं नाही, कारण धुराला ओलं सरपण लागतं. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लाल गोळा आगच असतो, धूर कुठे असतो त्याला? मिस्तरींनी पाहिलेल्या पंपांचं ओलं सरपण म्हणजे ती ट्रॉली.

मी जिंकलो असं पुतण्याला वाटलं. मला तसं वाटेना, कारण याच जागी चार्वाक उभा राहतो आणि त्याला हटवणं सोपं नाही. माधवाचार्यांचा सर्वदर्शनसंग्रह चौदाव्या शतकातला; वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी त्यावर स्वतः संस्कृत टीका लिहून तो संपादित केला आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1924 साली छापला. त्यातलं पहिलंच दर्शन चार्वाकाचं. तिथे चार्वाक विचारतो: तुम्ही एक उपाधी शोधली, ठीक. पण दुसरी नाहीच हे कशावरून? न दिसणाऱ्या उपाध्या किती असतील हे तुम्ही कुठे बसून मोजलं? आमच्या बाबतीत त्याने सरळ म्हटलं असतं, पंप फिरत नाही म्हणून निर्दोष, हे तुमचं म्हणणं. पण पंपाच्या आतले छोटे व्हॉल्व्ह उलटे गळत असतील तर? कंट्रोल व्हॉल्व्हच तेल परत सोडत असेल तर? खरं आहे. दोन्ही होऊ शकतं. जयराशी भट्ट तर याच्याही पुढचा. त्याचा तत्त्वोपप्लवसिंह 1940 साली बडोद्याहून छापून निघाला, आणि त्यात तो अनुमानाबरोबर प्रत्यक्षालाही भुईसपाट करतो. असा मिस्तरी आला तर खोलूनही काही उपयोग नाही म्हणेल आणि चहा पिऊन जाईल.

इथे मला उदयनाचार्य आठवतात. मिथिलेचे, दहाव्या-अकराव्या शतकातले, आणि स्वभावाने बरेच भांडखोर. न्यायकुसुमांजलीत त्यांनी चार्वाकाला दुहेरी पकडलं. एक तर ‘आणखी कुठे, आणखी कधी हा नियम मोडत असेल’ ही शंका घ्यायची, तर जो देश आणि जो काळ आपण पाहिलेला नाही त्याबद्दल काही गृहीत धरावं लागतं, म्हणजे शंका घेणारा अनुमानाच्याच घरात बसून बोलतो. आणि दुसरं, मला जास्त मोलाचं वाटणारं: शंकेला हद्द असते, आणि ती हद्द म्हणजे स्वतःच्या वागण्याशी पडणारी विसंगती. आगीशिवाय धूर होत असेल अशी शंका घेणारा माणूस धूर हवा झाला की काडेपेटीच शोधतो. त्याच्या हाताने उत्तर दिलेलं असतं.

हे मला घरात बसून वाचताना चतुराई वाटायची. वाफशावर कळलं की ती चतुराई नाही. हस्ताचा पाऊस थांबला, जमिनीने पाणी प्यालं, ढेकूळ हातात घेतलं तर फुटतं पण चिकटत नाही, तो वाफसा. आमच्या काळ्या जमिनीत तो कुणासाठी थांबत नाही. ऊन कडक पडलं की ती भेगा धरायला लागते आणि शाळूला उगवायला ओल पुरत नाही. वाफसा आल्यावर आणखी एक शक्यता, आणखी एक शक्यता करत बसणारा माणूस शंका घेत नसतो, पेरणी न करण्याचा निर्णय घेत असतो, फक्त त्याला तसं म्हणत नाही.

श्रीहर्षाने बाराव्या शतकात उदयनांचं हेच वाक्य उलटं करून त्यांच्यावर टाकलं, हेही सांगायला हवं. विसंगती आहे म्हणता, तर ती असायला आधी शंका असावी लागते. मग विसंगती शंकेची हद्द कशी होईल? युक्तिवाद म्हणून तो आजही तोडता येत नाही, मला तरी नाही. पण नैषधचरितासारखं काव्य लिहिणाऱ्याला वाफसा सांभाळावा लागला नसावा.

मिस्तरी म्हणाले, निदान बाजूचं झाकण तरी काढून बघू. ते मलाही हवं होतं. तेल झाकणाच्या खाली उतरवलं, यंत्र उचलून इंजिन बंद केलं, उचललेल्या यंत्राखाली कुणी जायचं नाही असं पोरांना दोनदा दटावलं आणि आत बॅटरी मारली. हेच ते प्रत्यक्ष. काळ्या पोटात पंप चमकत होता, त्यावरून वर गेलेली नळी, आणि नळीच्या खालच्या सांध्याला तेलाचा थेंब. तो फुगला, लांबला, पडला. मागून दुसरा धरला. "बघा," मिस्तरी म्हणाले, "खालची ओ-रिंग." मी म्हटलं, "थेंब लोंबतो ती जागा खालची. तेल तिथूनच निघालं कशावरून? वरच्या सांध्यातून किंवा सिलिंडरमधून निघून नळीवरून ओघळत आलं असेल." मिस्तरींनी माझ्याकडे बघितलं, गजाला चिंधी बांधली आणि नळी वरपासून खालपर्यंत पुसली. पुन्हा बॅटरी. नळी कोरडी होती तोवर काहीच कळलं नाही. मग ती एकदम सगळीच ओली दिसायला लागली, आणि तोवर यंत्र खाली टेकलं, दाब गेला, थेंब बंद.

चार्वाकाच्या मिस्तरीपणाबद्दल मी वर्गात जे बोलायचो त्यातला हा भाग पोरांना सांगायचा राहिला. डोळ्याने दिसला तो थेंब. गळती दिसली नाही. गळती ही थेंबावरून आपण काढलेली गोष्ट, आणि ती काढताना तेल वरून खाली वाहतं, ओल्या धातूला धरून वाहतं, हे सगळं आपण न बोलता वापरलं. झाकण उघडून अनुमानातून सुटका होत नाही. अनुमान फक्त जवळून करावं लागतं. हे कामही काही कमी नाही, मिस्तरींचं खोलणं मला मान्य आहे ते त्यासाठी. पण ‘दिसलं म्हणजे झालं’ असं म्हणणाऱ्याने, देवाचा साक्षात्कार झाला म्हणणाऱ्याला हसू नये. दोघांनीही थेंब पाहिलेला असतो.

देवाचा विषय निघालाच आहे. पुतण्या ट्रॅक्टरला पुढे लिंबू-मिरची बांधतो, खंडेनवमीला हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. माझे एक जुने सहकारी, कडवे विवेकवादी, ते बघून मला म्हणाले, "तुमच्या घरात हे?" मी उदयनांची कसोटी लावून बघितली. लिंबामुळे लिफ्ट वर राहते असं पुतण्या खरोखर मानत असता तर त्याने पंपाची किंमत विचारली नसती, जास्त लिंबं आणली असती. लिफ्ट बसली तेव्हा त्याने लिंबाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणजे ट्रॅक्टर का चालतो याबद्दल त्याच्या हाताचं मत आणि माझं मत एकच आहे. मग नारळ कशासाठी? ज्या यंत्रावर वर्षाची भाकरी अवलंबून आहे, त्याच्यापुढे वर्षातून एकदा वाकायचं. त्यात कारण सांगण्याचा दावाच नाही, तर तो खोटा कसा पडेल? सहकाऱ्यांना हे पटलं नाही. लिंबावर मात्र मीही फार जोर देत नाही. तिथे थोडी भीती आहेच.

गंमत म्हणजे ज्या उदयनांच्या कसोटीने मी नारळ सोडवला, त्यांचा स्वतःचा मुख्य उद्योग दुसराच होता. त्यांना अनुमानाने ईश्वर सिद्ध करायचा होता: जग हे कार्य आहे, घडा कार्य आहे, घड्याला कुंभार लागतो, तर जगालाही कर्ता लागतो. इथे मी त्यांना सोडून धर्मकीर्तीकडे जातो. धर्मकीर्ती बौद्ध, उदयनांच्या कितीतरी आधीचा, आणि त्याचं उत्तर बांधावर उभं राहून दिल्यासारखं आहे: मातीचं आहे एवढ्यावर कुंभाराने केलं म्हणाल, तर वारूळही कुंभाराने केलं म्हणावं लागेल. मी लिफ्टबद्दल खात्रीने बोलू शकतो, कारण चालणाऱ्या लिफ्टा पाहिल्या, बसलेल्या पाहिल्या, ओ-रिंग घातल्यावर उठलेल्या पाहिल्या. जगं मी किती पाहिली? कर्ता असलेलं एक आणि नसलेलं एक, अशी दोन शेजारी उभी करून दाखवा, मग बोलू. याचा अर्थ ईश्वर नाही असा मी करत नाही. त्या वाटेने तो सापडत नाही, एवढंच. आणि तिथे वाफसाही नाही. ती शंका माणसाला जन्मभर बाळगता येते, तिच्यापायी कुणाचं रान पडीक राहत नाही. आमच्या आईला ही शंका कधी शिवली नाही, मला ती कधी सोडून गेली नाही, आणि दोघांनी एकाच चुलीवरची भाकरी खाल्ली.

लिफ्टचं वरचं झाकण शेवटी काढावंच लागलं. सीट काढली, तिपाईला चेनपुली बांधून सिलिंडरसकट झाकण वर घेतलं. पंपाला हात लावायचा नाही यावर मी अडून बसलो आणि मिस्तरींनी ते मानलं. पण झाकण वर आल्यावर त्यांनी नळीच्या दोन्ही टोकांच्या ओ-रिंग आणि सिलिंडरच्या पिस्टनचीही, सगळ्या एका दमात बदलल्या. मी म्हणालो, "एकेक बदलून बघितली असती तर कुठली गेली होती ते कळलं असतं." ते म्हणाले, "सर, दर वेळी झाकण काय तुम्ही उचलणार?" त्यांचं बरोबर होतं. रबराची किंमत ती काय. सगळं काम झाकणाचं.

यंत्र आता इंजिन बंद करून रात्रभर ठेवलं तरी जागचं हलत नाही. पेरणी वाफशात झाली. जुन्या ओ-रिंग मी मागून घेतल्या आणि टेबलावर चष्मा लावून बघितल्या. नळीच्या खालच्या टोकाची चपटी पडून कडक झालेली, पण चाळीसेक वर्षांची कुठलीही ओ-रिंग तशीच दिसेल. वरच्या टोकाच्या रिंगवर एका बाजूला सरळ काप होता. तो आधीपासूनचा की काढताना स्क्रूड्रायव्हरने गेलेला, हे मी मिस्तरींना विचारलं. त्यांनी ती उजेडात धरली, बोटाने ताणली आणि दोन्ही असू शकतं म्हणाले. पिस्टनची तर अखंडच होती. म्हणजे लिफ्ट दुरुस्त झाली, पंप निर्दोष होता हे ठरलं, आणि गळती नेमकी कुठून होती हे विचारलं तर त्याचं उत्तर आम्हा तिघांपैकी कुणाकडेही नाही. पुतण्याचं म्हणणं, काका, आता चालतंय ना, मग कशाला. उदयन त्याच्या बाजूने बसतील. जयराशी माझ्या टेबलाशी.